मोगऱ्याला बी धरत नाही

मुंद्रा, कच्छ
९ फेब्रुवारी

आत्या,

गाडी मी सोडून गेलेलो नाही, लावून गेलेलो. यात फरक आहे आणि तो तुला अजून कळत नाही. डोंबिवलीत फडके रोडच्या कोपऱ्यावर, सावलीत, चाकांना विटा लावून, रोपांवर पाणी मारून, समोरच्या चहावाल्याला सांगून मग मी गेलेलो. आणि तू सगळ्या मोहन्यात सांगत फिरतेस की सुमित भर बाजारात रोपांची हातगाडी टाकून पळाला. तुझ्या या पत्रात पण तेच. वर्ष होत आलं आत्या. आता तरी दुसरं काहीतरी लिही.

आणि ते फोनचं. मी भांडता भांडता कट करतो, मान्य. म्हणून काय आख्ख्या जगात आपण दोघांनीच पत्रं लिहायची? इथला पोस्टमन मला विचारतो, ‘कोर्ट केस है क्या?’ तू म्हणतेस पत्र मध्येच कट करता येत नाही. येतं. मागचं मी अर्ध्यावर ठेवलेलं, जेवून आलो आणि मग पुढचं वाचलं.

तर मी अजून खजुराच्या वाडीतच आहे. शेजारच्या वैशालीकाकीबरोबर पैज लावलेलीस ना, की हा दिवाळीपर्यंत पण टिकणार नाही? हरलीस. सध्या झाडांची लग्नं लावायचं काम चालू आहे. खजुरात नर झाड वेगळं, मादी वेगळी. नराची फुलं काढून आणायची, मादीच्या झाडावर चढायचं आणि तिच्या फुलोऱ्यात बांधायची. तेव्हा फळ धरतं. काटे असे आहेत की संध्याकाळी हात बघून वाटतं मांजराशी कुस्ती खेळलो.

गंमत म्हणजे एवढं लग्न लावून जे बी तयार होतं, ते इथे कोणी लावत नाही. बी लावलं तर अर्धी झाडं नर निघतात, आणि बाकीच्यांत एक तरी आईसारखं गोड निघेल याची गॅरंटी नाही. झाडाच्या बुडाशी पिल्लं फुटतात, केळीला मुनवे येतात तशी. इथे त्याला पीला म्हणतात. तो काढून लावला की तीच आई, तशीच्या तशी, दुसऱ्या जागेवर. बाप लागतच नाही. जुमाचाचा, म्हणजे आमचा मुकादम, मला हे समजावत होता. मी म्हटलं, चाचा, हे मला माहीत आहे, माझी आत्या मोगऱ्याचं हेच करते, फांदी कापते आणि लावते. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला वाटलं की या पोराला काहीतरी येतं.

तू विचारलंस की मोगऱ्याची पानं पिवळट पडतायत, काय करू. तू मला विचारलंस हे वाचून मी पाकीट उलटं करून पत्ता परत बघितला. तर उपाय सांगतो. इथलं पाणी खारट आहे, तोंडात घेतलं तर थुंकावं लागतं. आणि त्याच पाण्यावर खजूर गुळासारखा होतो. कोलशेतच्या सखूमावशी पण नारळाच्या बुडात मीठ घालतात, आपण रोपं द्यायला गेलेलो तेव्हा मी बघितलंय. म्हणजे झाडाला मीठ लागतं. तू पण घाल. खडा मीठ, मोगऱ्याच्या प्रत्येक ड्रमला दोन मुठी. शेणखत आणि चहाचा चोथा याच्या पुढे तू कधी गेलीच नाहीस.

सुमित


मोहने
२४ फेब्रुवारी

सुमित बाळा,

जय भीम. तुझं पत्र तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा वैशालीला वाचून दाखवलं. पैज मी हरले. तिला वडापाव दिला. कुणाला काही देताना इतकं बरं मला क्वचित वाटलं असेल.

गाडीचं आता लिहीत नाही. फक्त एवढंच, की एका चाकाची वीट निसटली होती आणि गाडी चहावाल्याच्या बाकड्याला जाऊन लागली होती. झालं, संपलं.

तू सांगितलंस म्हणून एका ड्रमला मीठ घालून पाहिलं. आठवडा झाला, झाड खुशाल आहे. मग काल उरलेल्या पाचांना घातलं. सगळ्यांना सांगितलं की माझा भाचा मोठ्या वाडीत कामाला आहे, त्याने उपाय पाठवलाय. आठवीत शाळा सोडलीस तेव्हा मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. तू कधी मला काही शिकवशील असं वाटलं नव्हतं रे. तुझे उपकार मानते, हसू नकोस.

या वर्षी सिझन चांगला जायला पाहिजे. तुला ठाऊक आहे, तुळस, कोरफड, सदाफुली यांच्यावर खोलीचं भाडं निघतं आणि मोगऱ्यावर वर्ष निघतं. हे सहा ड्रम म्हणजे माझी कंपनी. याच्या फुलात इतक्या पाकळ्या की बी धरायला जागाच नाही. फांदी लावली तरच पुढे वाढतो. म्हणून मी आईझाडांना इतकं जपते.

वेळेवर जेव. झाडावर चढताना फोन खिशात ठेवू नकोस.

तुझी आत्या


मुंद्रा
२० मार्च

आत्या,

पत्र मिळालं. विटेचं मला माहीत नव्हतं. चहावाल्याने सांगायला पाहिजे होतं.

मीठ घातलंस, बेस्ट केलंस. आता बघ कळ्या कशा लागतात. एक काम आहे. वाडीच्या शेठाणीने देवघरासाठी कुठूनतरी मोगरा आणलेला, एकेरी पाकळीचा, वास पण बेताचा. मी म्हटलं, हा काय मोगरा आहे, माझ्या आत्याचा बघा, फूल म्हणजे कापसाचा छोटा गोळाच वाटतं. आता ती रोज विचारते. पाच-सहा फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून, वरून दुधाची पिशवी बांधून कुरिअर कर. पैसे मी देतो. आत्या, इथे मी फक्त चढणारा पोरगा आहे. एक रोप लागलं तर वाडीत आपल्या घरचं काहीतरी होईल.

लवकर पाठव.

सुमित


मोहने
५ एप्रिल

सुमित,

जय भीम. इकडे ऊन फार आहे. फांद्या कुरिअरमध्ये वाळून जातील. नंतर कधीतरी बघू. तुळस बरी चाललीय. वैशालीच्या मुलाला, प्रेमला, ठाण्याला कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात काम लागलं.

वेळेवर जेव.

आत्या


मुंद्रा
१८ एप्रिल

आत्या,

वाळून जातील म्हणजे काय? लहानपणी मीच तुझ्या फांद्या ओल्या गोणपाटात बांधून बदलापूरला नेलेल्या. चार दिवस पडून राहिल्या तरी लागल्या. हे मला सांगू नकोस.

खरं काय ते मला कळतं. सिझन जोरात आहे, मीठ लागू पडलंय, एक एक फांदी विकायला पाहिजे. म्हणून मोगऱ्याबद्दल अख्ख्या पत्रात एक शब्द नाही. सखूमावशींना तू मी निघायच्या आधीच्या दिवाळीत कुंडी अशीच दिलेलीस, माझ्यासमोर, ‘असू दे हो, वहिनी’ म्हणत. आणि माझ्यासाठी पाच काड्या जड झाल्या? मी कधी काय मागितलं तुझ्याकडे? शेठाणीला मी आता सांगितलं की आत्या आजारी आहे.

इथे पण कंटाळा यायला लागलाय. मोरबीला टाइल्सच्या कारखान्यात एक ओळखीचा आहे. बघतो.

सुमित


मोहने
२ मे

सुमित,

मी आजारी नाही. मला आजारी पाडू नकोस.

लिहिणार नव्हते. पण तू मला कंजूस समजशील आणि त्या रागात मोरबीला निघून जाशील, त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

मोगरा गेला. सहाही ड्रम. आधी पानांच्या कडा जळल्यासारख्या झाल्या, मग पानं गळली, मग फांदी मोडून बघितली तर आतून कोरडी. पहिला ड्रम जरा मोठा होता म्हणून त्याला उशीर लागला आणि मी फसले. सगळी एकाच झाडाची, एकाच स्वभावाची. एकाला जे सोसलं नाही ते कुणालाच सोसलं नाही. वेगवेगळ्या जातीची असती तर एखादं तरी तगलं असतं. माती बदलली, पाणी सोडून सोडून मीठ धुतलं, पण तोवर खेळ संपला होता. विकायला रोपं उरलीच नाहीत. पहिली खेप आठवडाभरात गेली, नंतर आईझाडाला फांदीच नव्हती.

मीठ घालताना माझा हात अडला होता. इतकी वर्षं झाडं करते मी. मला शंका आली होती. पण तुझं पत्र होतं. भांडणाशिवाय, माझ्यासाठी, विचार करून लिहिलेलं. ते मला खोटं पाडायचं नव्हतं. तेव्हा यात तुझी एकट्याची चूक नाही, माझीही आहे, आणि निम्म्याहून जास्त माझी आहे. तू पोरगा आहेस. मला कळायला पाहिजे होतं.

नोकरी सोडू नकोस. एवढं एक माझं ऐक. गाडी विकायचं बघतेय. प्रेम म्हणतो, ठाण्याला एका सोसायटीत झाडलोटीचं काम आहे. आपलं काही अडत नाही.

आत्या


मुंद्रा
१२ मे

आत्या,

तुझं पत्र वाचून मी बॅग भरली. खरं सांगतो, मोहन्याला यायचं का दुसरीकडे कुठेतरी निघून जायचं, हे भरताना माहीत नव्हतं. जुमाचाचा दारात आला. त्याला वाटलं कोणीतरी वारलं. मी सांगितलं, माझ्या एका पत्राने माझ्या आत्याचा धंदा मारला.

तो आधी हसला. मला इतका राग आला. म्हणाला, खजुराचं औषध मोगऱ्याला? घोड्याचा नाल कोंबडीला ठोकलास. मग बसला आणि विचारलं, मोगरा एकाच जागी होता का. मी म्हटलं हो, आमच्या चाळीच्या मागे. ‘आणि विकलेले?’

मला कळलंच नाही तो काय विचारतोय. मग त्याने मला बाहेर नेलं. वाडीत पूर्वी एक झाड होतं, सगळ्यात गोड, शेठ त्याला राणी म्हणायचा. वादळात मुळासकट आडवं झालं. मी ते बघितलेलं नाही, माझ्या आधीची गोष्ट. मी म्हटलं, मग शेठचं मोठं नुकसान झालं असेल. चाचा म्हणाला, ‘ज्या ओळीत तू रोज चढतोस ती कोण आहे? ती सगळी राणीच आहे. तिचे पीले आधीच लावलेले होते. म्हातारी पडली, राणी कुठे पडली?’

आत्या, मोगरा मेलेला नाही. आपल्या चाळीच्या मागे मेलाय फक्त. तू विकलेलं प्रत्येक रोप त्याच झाडाची फांदी आहे. त्याच्यासारखं नाही, तेच. डोंबिवलीत गाडी ढकलून ढकलून आपण तो किती गॅलऱ्यांत पोचवलाय. जा आणि एक-एक फांदी मागून आण. पाऊस लागला की लाव.

मी तुला म्हणालो की तू फांद्या विकायला अडवून ठेवल्यास. तू रिकाम्या ड्रमसमोर बसून ते वाचलं असशील.

बॅग रिकामी केलीय. गाडी विकू नकोस.

सुमित


मोहने
११ जुलै

सुमित बाळा,

जय भीम. उशीर झाला कारण तुझं पत्र पटायलाच मला महिना लागला. विकलेली वस्तू परत मागायला जायचं म्हणजे काय तोंडाने जायचं? गिऱ्हाईक म्हणेल बाई बुडाली. वैशालीला म्हटलं, मी मेले तरी जाणार नाही. ती म्हणाली, ‘मरू नकोस, मी येते बरोबर.’

पहिल्याच सोसायटीत एका गृहस्थांनी मला ओळखलं आणि मी काही बोलायच्या आत सुरू झाले, ‘तुमच्या जास्वंदीला मावा पडला, मी तेव्हाच सांगितलं होतं.’ त्यांना वाटलं मी तक्रार ऐकायला घरोघर फिरतेय. जास्वंदीला काय करायचं ते सांगून खाली उतरले. मोगऱ्याचं विचारायचं राहूनच गेलं. पुढे एकीने सांगितलं, फांदी कापली तर झाडाची लक्ष्मी जाते. वैशाली म्हणाली, ‘मनीप्लांट लोक चोरून नेतात, आम्ही बेल वाजवून आलोय.’ दार लागलं.

मग टिळकनगरमध्ये रचनाताईंकडे गेले. त्या शाळेतल्या, रिटायर झालेल्या. त्यांनी मला आत बसवलं. गॅलरीत आपला मोगरा, फुललेला. सुमित, मी त्याला ओळखलं. पानाचा तो जरासा वळलेला शेंडा. मी फांद्यांचं विचारलं. त्या म्हणाल्या, ‘अहो रमाबाई, हवा तेवढा न्या. मी याच्या फांद्या बहिणीला दिल्यात, जावेला दिल्यात, खालच्या वॉचमनला दिल्यात, समोरच्या बिल्डिंगमध्ये सहा घरांत दिल्यात.’ मी हसले. मनात म्हटलं, तरीच तुमच्या गल्लीत माझा मोगरा खपेनासा झाला. पण आता त्याच घरांतून मला फांद्या मिळाल्या. ज्यांनी मला एक पैसा कधी दिला नव्हता, त्यांच्याकडून. मग राग तरी कसा धरायचा?

शेवटी कोलशेत. तिथे जायला मला सगळ्यात जास्त संकोच. सखूवहिनींची जमीन, मिठागर गेलं तरी मोठं घर, आणि आपण उन्हात गाडी घेऊन जाणारे. त्यांनी वरून हाक मारली, “आगो रमा, कवरे दिसांनी आलीस गो. गारी कं केलीस?”

मी सगळं सांगितलं. मिठाचंही. खाली बसून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“मिठागराची मानसं आमी. मीठ कोनाला घालाचा आन कोनाला नाय, त्या आमाला तरी इचाराचा. नारलाला पचतं गो, त्याचा बापूस दर्याकाठचा.”

मी म्हटलं, “चुकलं वहिनी. दोन फांद्या मिळतील का? पैसे देते.”

“पैसं?” त्यांचा चेहराच बदलला. माझा हात धरून मला मागे नेलं. तू दिवाळीत पाहिलेली ती कुंडी त्यांनी तेव्हाच फोडून मोगरा कुंपणाशी मातीत लावला होता. आधीच्या वर्षी घेतलेली दोन रोपंही तिथेच. आता अख्ख्या कडेला मोगरा. फांद्या वाकून जमिनीला टेकल्यात आणि टेकल्या तिथे आपोआप मुळं धरून बसल्यात. कुणी लावल्या नाहीत, कुणी पाणी घातलं नाही. “बघ. तुजाच हाय. मना कंला इचारतेस? पोर सासरशी आलं का आय पैसं देते काय?”

त्यांच्या यजमानांनी, गोपीनाथभाऊंनी, स्वतः खणून दिलं. मुळासकट. रिक्षात मावेना इतकं. रिक्षावाल्याला त्यांनीच पैसे दिले, मला बोलू दिलं नाही.

आता चाळीच्या मागे दुधाच्या पिशव्यांत ओळी लागल्यात. बहुतेक फांद्यांना नवा कोंब आलाय. या वर्षीचा सिझन गेला तो गेला. पण पुढच्या मार्चला गाडी निघेल.

एक गोष्ट मला रात्रंदिवस आठवते, की मोगरा गेल्यावर मी गाडी विकायला माणूस बोलावला होता. त्याला तुझ्या ‘गाडी विकू नकोस’ या पत्रामुळे परत पाठवला. मी तुझी आभारी आहे. मिठाच्या पत्रासाठीही. त्याच्याशिवाय मी त्या लोकांच्या घरी कधी गेले नसते. त्यांच्यासाठी मी गाडीवाली होते आणि माझ्यासाठी ते गिऱ्हाईक. आता टिळकनगरच्या ताई मला फोन करून विचारतात, ‘लागल्या का आपल्या फांद्या?’ आपल्या म्हणतात.

आत्या


मुंद्रा
३ ऑगस्ट

आत्या,

तुझं पत्र मी चाचाला हिंदीत सांगितलं. सखूमावशींचं बोलणं हिंदीत सांगता येत नाही, तरी तो हसला. म्हणाला, तुझ्या आत्याला सांग, इथे ये, मुकादम करतो.

आता पीले काढायचं काम सुरू झालंय. मोठी पहार लागते. चाचा आधी माती उकरून बघतो की पिल्लाला स्वतःची मुळं आलीत का. नसतील तर माती परत लोटतो, राहू दे म्हणतो, अजून आईचं पितंय. घाईने काढलेलं जगत नाही. काल मी त्याला आपलं सांगितलं. पप्पा गेले, आई परत माहेरी गेली, आणि तू मला कल्याण स्टेशनवरून हाताला धरून मोहन्याला आणलंस. मी म्हटलं, चाचा, मी आत्याचा पीलाच आहे. तो म्हणाला, ‘नाही. पीला आईचाच असतो, त्यात आईचं काय कौतुक, तिला तो फुटतोच. तू दुसऱ्या झाडाचा. कच्चा तोडलेला, मुळं नसलेला. असा आम्ही लावत पण नाही. तिने लावला.’

त्यानंतर दिवसभर मी प्रत्येक पिल्लाची मुळं दोनदा बघितली.

मला तुझ्याशी भांडल्याशिवाय लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. या वेळी भांडायला काहीच सापडत नाही. शाळा सोडल्यावर तू दोन दिवस बोलली नाहीस, पण तिसऱ्या दिवशी मला गाडीवर उभं केलंस आणि फांदी कुठे कापायची, डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या, खाली की वर, ते दाखवलंस. इथे माझी नोकरी त्याच्यावर टिकलीय. एवढी वर्षं मला वाटायचं की ती गाडी म्हणजे तुझी मला शिक्षा आहे. रचनाताईंना, सखूमावशींना, गोपीनाथकाकांना माझा जय भीम सांग. वैशालीकाकीला पण, ती बरोबर गेली म्हणून.

मोरबीच्या माणसाला नाही म्हणून सांगितलं. शेठाणीला सांगितलं, आत्या बरी आहे, रोप पुढच्या मार्चला. ती थांबायला तयार आहे.

खात्यावर पैसे टाकतोय. परत करू नकोस, मदत समजू नकोस, गेल्या सिझनचं काढूही नकोस. चार हजार नव्या ड्रमसाठी आणि खतासाठी, ड्रमला खालून भोकं मोठी पाडून घे. वरचे एकशे वीस एका मोगऱ्याचे आहेत, तुझ्या गाडीवरच्या भावाने, घासाघीस न करता. शेठाणीचं रोप वेगळं, हे माझ्या खोलीच्या दारात लावायचं आहे. एकूण चार हजार एकशे वीस.

सुमित